खुळखुळा

गाडी ब्युइक, एकोणीसशे शहाऐंशीची,
रंग एके काळी मरून, आता वाळलेल्या बिटासारखा.
मिसेस डोब्रोव्स्कींनी ती शाळेला फुकट दिली,
"चालत नाही, पण बसायला छान आहे" म्हणत.
आमच्या कार क्लबात सात जण,
त्यांतल्या दोघांकडे लायसन्स.

पहिलं सत्र गंज खरवडण्यात गेलं.
दुसऱ्यात ऑर्लिननं प्लायवूड कापलं, पाऊण इंची,
सांध्यांना गोंद, गोंदावर पुन्हा गोंद,
कारण पेटीतून वारा निसटला की आवाजाचा जीव जातो,
असं नोव्हाक सर म्हणतात,
ज्यांना डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही.
मी वायरी ओढल्या गालिच्याखालून,
बॅटरीची एका अंगानं, सिग्नलची दुसऱ्या,
न पटणाऱ्या दोन जावा एका घरात वावरतात तशा.
बारा इंची दोन वूफर. पैसे शनिवारी गाड्या धुऊन,
वर जोनेलच्या आत्याकडून उसने ऐंशी डॉलर.

मार्चमध्ये पहिल्यांदा बटण दाबलं.
आधी आवाज आलाच नाही,
आधी काचेवरचा बर्फ घसरला.
मग भिंतीवर टांगलेले पाने हलले.
मग पोटात कुणी गादीची घडी घातल्यासारखं.
ऑर्लिन नाचला. जोनेल रडली, म्हणाली ॲलर्जी आहे.
आणि त्या सगळ्याच्या तळाशी
टिक्. टिकटिक्. खुळ्.

नंबरप्लेट काढली, खाली फोम लावला.
आरसा घट्ट केला. सीटबेल्टच्या बकलाला चिंधी.
ॲशट्रेत सापडलं चर्चच्या सोडतीचं तिकीट, न लागलेलं.
तरी खुळ्.
तीन आठवडे. स्पर्धा मेमध्ये, आणि तिथले परीक्षक
स्थळ बघायला आलेल्या मंडळींसारखे,
खोट काढायलाच बसलेले.

शेवटी मी डिकीत शिरले. सगळ्यांत बारीक मीच.
म्हटलं, झाकण लावा, आणि चाळीस हर्ट्झ सोडा.
अंधार.
दात शिवशिवले.
बरगड्या आपल्या नाहीत, कुणाच्या मागून आणल्यात, असं वाटलं.
श्वास मी घेत नव्हते, तोच माझ्यात ये-जा करत होता.
पत्र्यावर तळहात ठेवत गेले,
इथं नाही. इथं नाही. इथं गप्प.
उजव्या चाकाच्या वर, पत्र्याच्या दोन पदरांमध्ये,
इथं.

टॉर्च, तारेचा आकडा, एक तास.
निघाला एक नट, अंगठ्याएवढा,
तांब्याच्या तारेला लटकलेला,
आणि तारेला वर नीट गाठ.
म्हणजे सुटून पडलेला नव्हता.
कुणीतरी टांगला होता.

नोव्हाक सरांना हसता हसता ठसका लागला.
"लाइनवरची माणसं," म्हणाले,
"आठ तास तोच एक बोल्ट, समोरून गाडी, मागून गाडी.
जीव विटला की करायची असलं काहीतरी.
मालक बसू दे शोधत जन्मभर."
फ्लिंटमध्ये प्रत्येकाचं कुणी ना कुणी त्या लाइनवर होतं.
ऑर्लिनचा आजोबा. जोनेलची तीच आत्या,
रात्रपाळीला दारं बसवायची.
कारखान्याच्या जागी आता गवत आहे, भोवती कुंपण,
कुंपणाला कुलूप,
जणू गवत पळून जाईल.

नट हातोहात फिरला. तेलकट, अजून गुळगुळीत.
लेकराला देतात तसला खुळखुळा, अडतीस वर्षांचा.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग जोनेलनं विचारलं,
तार नवी घालायची की जुनीच?

मेमध्ये आम्ही चौथे आलो.
परीक्षकाच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं,
मागे उजवीकडे खुळखुळ, दोन गुण कमी.
ऑर्लिननं तो कागद समोरच्या कप्प्यात ठेवला,
सोडतीच्या तिकिटाशेजारी.

परतताना गाणी बंद. रस्ता आमच्याकडचा, म्हणजे चाळण.
नोव्हाक सर चालवत होते,
उजवा कान किंचित मागे.
एकही खड्डा त्यांनी चुकवला नाही.