बेडकीचा चौथा पाय

दिवसभर थडग्याच्या भिंतीवर
राजाचे गुडघे घडवले,
रात्री घरी हा हिरवा दगड,
खजुराच्या बीएवढा.

भोक पाडायलाच सगळ्यात वेळ गेला.
बोरूचं टोक, ओली वाळू,
दोन्हीकडून कोरत आलो
आणि मधे चुकामूक झाली
केसभर.
दोरा मात्र वाकून गेला पलीकडे.

तीन पाय झाले होते,
तेवढ्यात वेर्नेरोनं बाळंतपणाच्या विटा मागितल्या.
सुईण ओरडली, आहे तशी दे!
दिली. तिनं कमरेला बांधली.

मग मी दाराबाहेर,
हातात छिन्नी, काम काही नाही.
आतून आवाज येई,
मग बराच वेळ येईना.
डोंगरात कोल्ही.
याच दारातून दोन पोरं नेली होती मी,
माठात घालून,
एवढे लहान माठ
की एका हातात मावले.

उजाडताना किरकिर ऐकली.
आधी वाटलं, बेडूकच.

आता पोरगी रांगते.
काल म्हटलं, आण ती बेडकी,
राहिलेला पाय काढतो.
वेर्नेरोनं मूठ मिटली.
"राहू दे दगडातच.
उडी मारून गेली नाही ना कुठे?"

दोरा तिच्या बोटांतून लोंबत होता,
पोरीच्या लाळेनं
अजून ओला.