चाळण आणि हात

बाळेश घस्ते, वय वर्षं सहा, राहणार निपाणी.
पापण्या सुजून डोळ्यांच्या जागी दोन चिरा.
आईनं बाटली माझ्या खिडकीत ठेवली,
पदराला हात पुसले. जर्द्याचा वास तेवढा पुसला गेला नाही.
"फेस यायलाय ओ. म्हशीच्या धारंगत."

पट्टी बुडवली. पिवळी होती, गर्द हिरवी झाली.

सिस्टर म्हणाली, "उप्पु बेड, अक्का."
"न्हाई घालत," ही मराठीतच म्हणाली.
बेळगावात एवढ्याला दुभाषा लागत नाही.

दुपारी गर्दी ओसरल्यावर तिनं विचारलं,
किडनी म्हंजे नेमकं काय असतंय?
मी म्हटलं, चाळण. रक्त चाळते.
तुमच्या वखारीत असते तशी.
दहा वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलोय.
ती हसली.
"चाळण काय चाळतीया, सायेब?
खिळ्याला अडकवून ठेवा बघू, कण खाली पडायचा न्हाई.
चाळतोय हात.
हात आवाज ऐकतोय,
भुकटी पडायलीया का काडी,
तसा झटका कमी-जास्त."

रात्री शिकतानाचा तो फोटो आठवला,
इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला, राखाडी.
केसाहून बारीक रक्तवाहिनी
आणि तिला बाहेरून बिलगलेली पेशी, नुसते पायच पाय,
शेजारणीच्या पायांत पाय गुंतवून बसलेली,
एकाच वाकळेवर टाके घालणाऱ्या बायकांसारखी.
दोन पायांमधल्या फटीत
इकडून एक प्रथिन हात पुढे करतं, तिकडून एक.
मधोमध धरतात.
आणि धरलंय, हे आत कळवावं लागतं.
शेपटाला फॉस्फेटचा कण चिकटतो,
त्याला बघून दुसरं प्रथिन येतं, त्याला बघून तिसरं,
निरोप पोचतो पेशीच्या आतल्या दोऱ्यांपर्यंत:
ताठ राहा, शेजारीण आहे.
पुन्हा लगेच: आहे.
पुन्हा.

निरोप बिनसला तर जाळी फाटत नाही.
साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळं ठीकच दिसतं.
पाय तेवढे फतकल मारल्यासारखे पसरतात,
आणि रक्तातलं सत्त्व
फेस होऊन मोरीत जातं.

म्हणजे बाई बरोबर होती.

दर सोमवारी ती यायची, कधी उभ्यानं संकेश्वरची गाडी,
कधी वडाप. त्या दिवसाची हजेरी बुडवून.
डॉक्टरांनी गोळ्या लिहिलेल्या, बारीक, पांढऱ्या, कडू जहर.
बाळेश गूळ मागायचा.
पहिल्या सोमवारी हिरवी. दुसऱ्याला थोडी फिकी,
का मलाच तसं वाटलं, म्हणून पुन्हा बुडवली.

एक गोष्ट तिला सांगितली नाही:
ही पेशी एकदा गळून पडली
की तिच्या जागी सहसा दुसरी येत नाही.
उरलेल्या पाय आणखी ताणून जागा भरतात.
वखारीत एक बाई आली नाही तर काय होतं, तिला ठाऊक असणारच.

तिसऱ्या सोमवारी पट्टी पिवळीच राहिली.
मी उजेडात धरली. तीही खिडकीतून वाकली.
बाळेशचे डोळे पहिल्यांदाच नीट दिसले,
घारे आहेत.
"मग आत कुणी कुणाला काय सांगितलं ओ?"
मला नाही माहीत, अक्का.
गोळीनं निरोप जुळतो एवढं कळलंय,
नेमका कसा, ते शोधणारेही अजून शोधतायत.
तिनं मान हलवली, न कळलेल्या माणसाची नव्हे,
कळलेल्या बाईची,
आणि पोराचं नाक त्याच हातानं पुसलं.
पोरगं शिंकलं.