लोणा

सिमला ऑफिसात, नकाशा विभागात,
सारंगांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक चिरा असे.
चिरा कसला, चिऱ्याचा कोपरा. जांभा.
विजयदुर्गाच्या तटाखाली, दर्याच्या अंगाला
आठवीत असताना सापडलेला.

काम असं : देशाला हवामानाचे रंग द्यायचे.
किनारपट्टी गडद निळी, अक्षरं ए, एम.
घाट चढून वर आलं की बीएस, फिकट पिवळा.
म्हणजे आपण. निमकोरडे.
‘हे हवेबद्दलच ना?’ सारंग विचारायचे.

किल्ला त्या निळ्यात कुठेतरी,
निबेच्या टोकाहून बारीक.
तिथे रंग बरोबर बसतो का, मी विचारलं एकदा.
म्हणाले, दर्याकडची भिंत खारी, आतली शेवाळलेली,
वर माघातच गवत करपतं
आणि तळ्याच्या पायरीवरून वैशाखातही पाय घसरतो.
चालून बघायला वीस मिनिटं. किती अक्षरं देशील?
मग ब्रश धुतला, निळाच लावला.
सरासरी म्हणजे सरासरी.

निवृत्त होताना चिरा माझ्याकडे सरकवला.

पहिल्याच फेब्रुवारीत त्यावर पांढरं काही फुललं.
पुसलं. चार दिवसांनी पुन्हा.
बुरशी म्हणावी तर हवा ही अशी.
कुणी बघत नाहीसं पाहून
जिभेला लावलं.

खारट.

तिकडच्या ओलीत इतकी वर्षं मुकाट बसलेलं
इथे, शिवाजीनगरच्या कोरड्या दुपारी
बोलायला लागलेलं.

नव्या नकाशात पुण्याच्या पिवळ्यावर
निबेच्या टोकाएवढा एक निळा ठिपका आहे.
तपासणीत अजून कुणी
विचारलेलं नाही.