डिझेलची वही

मालवणच्या लिलावातून ती आली सोळा चाकांच्या ट्रेलरवर,
भंडाऱ्याच्या बायपासला
पोरं बांबूंनी विजेच्या तारा उचलून धरत होती.
पाठीवर नाव तसंच: सागरराणी.
समुद्र आमच्यातल्या दोघांनीच पाहिलेला,
त्यातल्या एकाने रात्री.

मच्छीमार सोसायटीने घेतली, धरणावर पर्यटक फिरवायला.
दोन इंजिनं, दोन्ही माझ्याहून वर्षभराने मोठी.
वही माझ्याकडे. पहिल्या पानावर:
एक फेरी, बत्तीस लिटर. तिकिटं अकरा.
खाली पेन्सिलने, माझ्याच अक्षरात: असं चालणार नाही.

डोमाजी मिस्त्री तुमसरहून आला,
राईस मिलची इंजिनं उघडण्यात हयात गेलेला माणूस.
टाकीकडे त्याने पाहिलंच नाही.
धूर पाहिला. डावीकडचा काळा, उजवीकडचा निळसर.
मग चपला काढल्या
आणि उघड्या तळव्यांनी फळीवर उभा राहिला, बराच वेळ.
"जोडी जमली नाही गा," म्हणाला,
"एक बैल वढते, दुसरा जू घासते,
अन् तुमी सुकानानं दोघाइले शिद्दे करता.
डिझेल तथीच जाते."

आधी पोट खरवडायचं.
मे महिन्यात पाणी उतरलं तेव्हा गाळात बसवली तिला.
केवळरामच्या बायकोने, सुगरताबाईने,
माशाचे खवले काढायच्या सुरीने
हातभर हिरवी दाढी उतरवली, दोन टोपल्या शिंपले.
पंख्याचं एक पातं मुडपलेलं निघालं,
पाण्याखालच्या मोहाच्या बुंध्याला कधीतरी लागलेलं.
माणसं उठली, मोह तेवढा जागेवर आहे.

अठ्ठावीस.

इंजेक्टर नागपूरला गेले, फडक्यात गुंडाळून, एसटीने,
मांडीवर, अंडी न्यावीत तसे.
लोखंडी खुर्च्या अर्ध्या उतरवल्या,
बंद पडलेला फ्रीज, भिजलेल्या गाद्या,
आणि समुद्रातला तो दोन माणसांना न उचलणारा नांगर.
नांगर म्हटल्यावर पोरं हसली:
याले बैल किती लागतेत?

सव्वीस.

मग डोमाजीने हँडलच्या बाजूला खडूने एक रेघ मारली.
"हिच्यावर जाऊ नका."
एवढंच.
रेघेच्या वर ती आपल्याच लाटेवर चढत होती म्हणे,
स्वतःच पाण्याची टेकडी उभी करायची,
स्वतःच धापा टाकत चढायची, आमच्या पैशाने.
रेघेखाली आलो तसा मागचा फेस निवला.
परतीला तर एकच इंजिन.
दुसऱ्याचा दांडा सुंभाने बांधलेला,
पाण्याने त्याला उगाच फिरवू नये म्हणून.

एकोणीस. मी दोनदा मोजलं, पट्टी बुडवून.

सभेत विषय निघाला: फेरी वीस मिनिटांनी लांबली,
नागपूरचे लोक मोबाइल काढून बसतात, त्याचं काय?
उत्तर कुणाकडेच नव्हतं.
चहा आला, विषय पुढे ढकलला.

सोनटोल्यावरून,
म्हणजे सोनटोला जिथे खाली आहे तिथून,
जायला आधी चार मिनिटं लागत. आता सात.
सुगरताबाई तिकिटं फाडते, पण तिथे आली की थांबते,
कठड्याला धरून ओठातल्या ओठात घरं मोजते:
हे मारोतीचं, ही चक्की, हे आमच्या बहिनीचं,
हे ज्याचं छप्पर कधी झालंच नाही त्या लक्ष्याचं.
पहिले अर्धंच गाव होत होतं, म्हणाली,
अन् पानी संपून जात होतं.
आता शेवटच्या विहिरीपर्यंत पोचते.

वहीत याला रकाना नाही.

काल मला म्हणाली, त्या मिस्त्रीले विचार ना,
अजून किती हळू चालते ही?
मी विचारलं नाही.
फार हळू चालवलं तर इंजिन पोटात काजळी धरतं,
हे तो जाताना सांगून गेलाय.
तिला अजून सांगायचंय.