जवळा

दिवा कोळीवाडा, ऐरोली. फ्रीजशेजारी दोन फुटांची टाकी,
तीत निळा सिक्लिड, दगडामागून हलत नाही.
पोट टम्म. खाली पांढरा धागा लोंबतोय
शिवण उसवल्यासारखा.

सेक्टर आठचा दुकानदार म्हणाला, काय घालत होतात?
आई गप्प. मग हळूच : जवळा. चिमूटभर. रोज.
तोंड उघडून मागायचा तो.
"अहो मावशी, हा दगडावरचं शेवाळ खरवडून जगणारा.
शाकाहारी म्हणा ना."

शाकाहारी! आमच्या घरात!
दुकानाच्या पायरीवर बसून ती हसली,
हसता हसता थांबली.

आता मेट्रोनिडाझोल, चमचाभर एप्सम सॉल्ट,
काचेवर टॉवेल, आणि कडक उपास.
सात पिढ्या आम्ही मासा खारवला, वाळवला, विकला,
त्याला कुठं दुखतंय हे कुणी विचारलं नव्हतं.

पाचव्या रात्री ओट्यावरचा दिवा लागला.
चांगुणा केणी, माझी आई, उकडलेला मटार सोलतेय
कोळंबीचा दोरा काढावा तसा, नखानं.
एकच दाणा. त्यातलाही अर्धा.

तो आला. तोंडात घेतला, थुंकला.
पुन्हा घेतला.

अळणीच दिला रे,
आई म्हणते.