तिकीट क्रमांक ४४१७

वास घालवणं हेच माझं काम.
घामाचा, तळणाचा, ओल्या कुत्र्याचा,
दुसऱ्याच कुणीतरी ओढलेल्या सिगारेटचा.
हडर्सफील्डच्या चढावरच्या या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात
कपडे येतात ते कुणाचे तरी असतात,
पॉलिथिनमध्ये जातात ते कुणाचेच नसल्यासारखे.

सोमवारी कोट आला. काऊंटरवर डोरीन होती.
चिठ्ठीवर तिचे कोंबडीचे पाय : टी. हर्स्ट.
गडद हिरवी लोकर, अस्तर एकदा हाताने शिवलेलं,
चार बटणं सारखी, पाचवं भलतंच.
बटणं कुठल्या बाजूला ते बघून
डोरीन सांगते, बाईचा की पुरुषाचा.
याला दोन्ही बाजूंना काजं.

मी कॉलरपाशी नाक नेलं, नेहमीसारखं,
डाग शोधायला.

आधी मिरी.
पूड नव्हे, दाताखाली नुकतीच फुटलेली.
मग लाकूड,
रंध्यातून सुटलेली पहिली कुरळी ढलपी,
गोड नाही, जराशी कडवट,
खरं बोलण्याआधी कुणी घसा खाकरावा तशी.
आणि खाली, फार खाली, दगडफूल.

इथे मी म्हणायला हवं की मला आईचा मसाल्याचा डबा आठवला.
नाही आठवला.
आई दगडफुलाला नाक मुरडायची,
गोडा मसाला विकतचा आणायची.
मला आठवलं ते अजून घडलेलंच नव्हतं :
बाकावर कुणी शेजारी बसलंय, बोलत नाहीये,
आणि त्या न बोलण्याचं
माझ्यावर काही ओझं नाही.

खिशात सुताराची चपटी पेन्सिल,
होमफर्थच्या बसचं तिकीट,
कागदात गुंडाळलेली ज्येष्ठमधाची काळी वडी.
एवढ्यावर मी माणूस उभं केलं.
उशिरा येईल, पण कारणं सांगणार नाही.
दुसऱ्याच्या घरातलं करकरणारं दार
न विचारता काढून, तासून, परत बसवेल.
मोठ्याने हसेल, एकदाच.
कुणी रडलं तर पाणी आणून देईल, रुमाल नाही.

येईल, बसवेल, हसेल, देईल.
भविष्यकाळात मराठी मला काही विचारत नाही.
भूतकाळात मात्र दारातच अडवते :
आला की आली?

मंगळवारी तो कोट मी रांगेत मागे सरकवला.
बुधवारी आणखी मागे, कुणा नवरदेवाच्या सुटांमागे.
गुरुवारी डोरीन म्हणाली, हिरवा झाला का गं? शनिवारी न्यायचाय.
झाला म्हणाले. आणि मग केला.

चाळीस मिनिटं.
गोल काचेआड हिरवी बाही वर येई,
काचेला टेके, परत जाई.
बाहेर काढला तेव्हा कॉलर गरम होती
आणि तिला कशाचाच वास नव्हता.
काम चोख झालं होतं.
खिशातलं सामान पाकिटात भरताना
पेन्सिल नाकाशी धरली.
होता. थोडासा. लाकडाचा स्वतःचा असेल.

शनिवारी मी मागे, वाफेच्या इस्त्रीपाशी.
घंटा ऐकू आली, पण हातात कुणाची तरी रेशमी चुणी,
ती सोडली तर गेलीच.
पुढे आले तेव्हा दार मिटत होतं,
काचेपलीकडे चढ, काळवंडलेला दगड, पाऊस,
आणि वर चढत जाणारं पॉलिथिन,
वाऱ्याने फुगलेलं.

दुकानभर मिरी.
ताजी, आत्ताची,
माझ्या हातून न धुतली गेलेली.

कोण आलं होतं, मी विचारलं.
आलं.
एवढे दिवस मी दोनच दारं ठोठावत होते
आणि ही खिडकी रोज माझ्याच तोंडात उघडी.

डोरीन सुट्टे मोजत होती. तिने मान वर केली.
काय म्हणालीस?
मी मराठीतच बोलले होते.
काही नाही गं, म्हटलं,
आणि दार थोडा वेळ
लावूनच ठेव म्हणाले.