वाटा

साडेआठची घंटा मीच वाजवतो.
साडेआठला वेंगुर्ल्याची रापण अजून पाण्यात असते.
कमिटीत मीच म्हटलं होतं, वेळ म्हणजे वेळ.
वहीत उशिरा येणाऱ्यांपुढे लाल फुली.

त्या रविवारी पाळकबाईंनी पत्र वाचलं,
तंबू शिवून पोट भरणाऱ्या माणसानं
करिंथच्या मंडळीला रागानं धाडलेलं.
तेही बंदरच.
तिथेही सवड असलेले आधी जेवून घ्यायचे,
हमाल येईस्तोवर भांडी पालथी.

बाईंनी भाकर मोडायला उचलली
आणि तशीच खाली ठेवली.
"बसूया," म्हणाल्या.

बसलो. पंखा कुरकुरत होता.
नव्या संगमरवरावरची देणगीदारांची नावं
मी तीनदा वाचली.
चौथं माझं.

पावणेदहाला सिलास कुबल आला, कमरेपर्यंत ओला.
मागून दोर्कसबाय, टोपली दाराबाहेर ठेवून,
उंबऱ्यावर पाय झटकत.
वाळू आत आलीच.

रापणीच्या दोरीला ज्यानं हात लावला त्याला वाटा.
दम लागून मध्येच बसलेल्या म्हाताऱ्यालाही,
गेल्या साली बुडालेल्याच्या पोरालाही.
चर्चपासून दीडशे पावलांवर हे रोज चालतं,
आणि आम्हाला ते कळायला
करिंथला जाऊन यावं लागलं.

प्याला माझ्याकडे सगळ्यांत शेवटी आला.
काठ खारट लागला.

आता घंटेचा दोर हातात धरून
मी आधी किनाऱ्याकडे बघतो.
फुल्या बंद केल्या.
संगमरवर मात्र आहे तिथेच आहे.
चौथं नाव फार खोल कोरलंय.